मायर्सडेल स्टेशनवरचे आजोबा : कुणाकुणाला भेटलेत?

सांगलीची_लेक

ग्रेट ॲलेगेनी पॅसेजवर सायकल चालवलेली बरीच मंडळी इथे आहेत, हे जुन्या धाग्यांवरून दिसतं. त्यातल्या कुणी मायर्सडेलच्या जुन्या रेल्वे स्टेशनात पाय ठेवला असेल, तर तिथले आजोबा त्यांना नक्की भेटले असणार. हा धागा त्यांच्यासाठी काढतेय. त्यांना विचारलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील.

ज्यांना ही वाट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : मेरीलँडमधल्या कंबरलँडपासून पिट्सबर्गच्या पॉइंट स्टेट पार्कपर्यंत १५० मैलांचा हा मार्ग. पूर्वी इथे रेल्वे धावायची. कंबरलँड ते कनेल्सव्हिल वेस्टर्न मेरीलँड रेल्वेची लाइन १९१२ साली सुरू झाली आणि १९७५ साली बंद पडली. रूळ उचलले, उरला नुसता भराव, बोगदे आणि पूल. १९८६ साली ओहायोपाइलजवळ पहिले नऊ मैल सायकलींसाठी खुले झाले आणि शेवटचा तुकडा जोडला गेला २०१३ साली. मध्ये सत्तावीस वर्षं गेली. कंबरलँडला पुढे सी अँड ओ (चेसापीक अँड ओहायो) कालव्याची वाट मिळते, ती थेट वॉशिंग्टनला जाते. गाड्या नाहीत, सिग्नल नाहीत, पैसे नाहीत. चुनखडीची बारीक खडी दाबून केलेला रस्ता.

मायर्सडेल कंबरलँडपासून बत्तिसाव्या मैलावर. गाव लहान. ट्रेल गावाच्या वरच्या अंगाने जाते आणि तिथेच वेस्टर्न मेरीलँडचं जुनं स्टेशन नीट राखून ठेवलंय. आत माहिती केंद्र आहे, जुन्या वस्तू आहेत. ते चालतं स्वयंसेवकांवर, आणि त्यातले हे एक.

खडीवर चाकांचा आवाज आला की आजोबा उठतात. वय झालंय, उठताना हात खुर्चीच्या पाठीवर टेकवावा लागतो, पण आलेल्या माणसाशी बसून बोलायचं नाही हा त्यांचा नेम. पहिला प्रश्न, "कुठून निघालात?" दुसरा, "बाटलीत पाणी आहे का?" आणि उत्तर ऐकायच्या आधी नजर तुमच्या बाटलीवर गेलेली असते. मग पुढची चौकशी. पूर्वेला निघाला असाल तर बिग सॅव्हेज बोगद्याबद्दल सांगतील : ३,३०० फुटांच्या आसपास लांब, आत दिवे आहेत पण भर उन्हाळ्यातही गार पडतं, जॅकेट पिशवीच्या तळाशी ठेवू नका. पश्चिमेला निघाला असाल तर सॅलिसबरी व्हायाडक्टवर वारा कसा आहे हे सांगतील. तो पूल १,९०८ फूट लांब, खाली कॅसलमन नदी, हायवे आणि अजून चालू असलेली मालगाडीची लाइन. लहान मूल सोबत असलं की "पुलावर थांबा, मालगाडी येईपर्यंत थांबा" असं बजावतात.

हे सगळं फलकांवरही लिहिलेलं असतं. पण दमलेला माणूस फलक वाचत नाही. आजोबा त्याला एका खुर्चीत बसवतात आणि त्याला लागेल तेवढंच सांगतात. माझ्या सायकलची चेन कोरडी आहे हे त्यांना मी दारात यायच्या आधी आवाजावरून कळलं होतं. तेलाची छोटी बाटली खिडकीत ठेवलेली असते. ते स्वतः वाकून एकेका कडीवर थेंब सोडत बसले, मला पॅडल उलटं फिरवत राहायला सांगून. वरचं जास्तीचं तेल चिंधीने पुसल्यावर म्हणाले, "आता गप्प बसली. आता तुला नदी ऐकू येईल."

आई सांगलीहून आली होती तेव्हा तिला गाडीने घेऊन गेलो. तिला गुडघ्यांमुळे सायकल नाही जमत. इंग्रजी कामापुरतं. मला वाटलं, आम्ही व्हायाडक्ट बघून येईपर्यंत ती गाडीत बसेल. आजोबांनी तिला आत नेऊन बसवलं, समोर जुने फोटो ठेवले आणि एकेका फोटोवर बोट ठेवून सावकाश सांगायला लागले. त्यांचे वडील याच लाइनवर गँगमध्ये होते, स्लीपर बदलण्याच्या कामावर. आमचे आजोबा मिरज जंक्शनला पॉइंट्समन, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलणारे. आई ते सांगू लागली तेव्हा मी मध्ये बोलणार होते, पण गरज पडली नाही. तिने हाताने पॉइंट्सचा दांडा ओढून दाखवला, त्यांनी मान डोलावली आणि कपाटातून रेल्वेचा एक जुना हातकंदील काढून तिच्या हातात दिला. नंतर आई मला म्हणाली, "अगं, हे रोज येतात का इथे? विचार ना त्यांना." रोज नाही, पण ठरलेल्या दिवशी येतात, पाऊस असला तरी. निघताना पाहुण्यांच्या वहीत आईने देवनागरीत नाव लिहिलं, पुढे गाव : सांगली. त्यांनी ते वाचून घेतलं आणि दोनदा म्हणून बघितलं.

मायर्सडेल मेपलसाठी प्रसिद्ध आहे. १९४८ सालापासून तिथे दर वसंतात मेपल महोत्सव भरतो. आजोबांकडून ऐकलेली गोष्ट : रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन असे दिवस आले की झाडातून रस वाहतो, आणि साधारण चाळीस गॅलन रस आटवला की एक गॅलन पाक मिळतो. आईला एका वाक्यात कळलं. "म्हणजे गुऱ्हाळच की!" म्हणाली. तिने कढई, काहील, मळी काढणं, सगळं सांगितलं आणि मी भाषांतर करता करता थकले. त्यांनी विचारलं, चुलीला जळण काय वापरता? आई म्हणाली, उसाचंच चिपाड. हे त्यांना फार आवडलं.

आमच्या लेकाने पहिल्या भेटीपासून त्यांना आजोबा म्हणायला सुरुवात केली. आता त्या हाकेला ते वळून बघतात.

धागा काढण्याचं कारण असं की या हंगामापासून त्यांनी दिवस कमी केलेत. डोळ्यांमुळे संध्याकाळी गाडी चालवत नाहीत. मला वाटतं, माणसं आपल्याबद्दल काय बोलतात हे त्यांना ऐकू यावं. तुमच्यापैकी जे भेटले असतील त्यांनी इथे चार ओळी लिहा. मराठीतच लिहा, मी इंग्रजी करून, दोन्ही छापून त्यांना नेऊन देणार आहे.

---

फिरतं_चाक

भेटलोय! आणि ज्या अवस्थेत भेटलो ती कधी विसरणार नाही.

आम्ही चौघं वॉशिंग्टनहून पिट्सबर्गला निघालो होतो. कंबरलँड सोडलं की चढ सुरू होतो. रेल्वेचा चढ म्हणजे अंगावर येत नाही, पण संपतही नाही. २४ मैलांत जवळपास १,८०० फूट. त्यात फ्रॉस्टबर्गपासून पाऊस. बोगद्यात जरा कोरडे झालो, बाहेर आलो तर पुन्हा तेच. ईस्टर्न कॉन्टिनेंटल डिव्हाइडला, म्हणजे वाटेवरच्या सगळ्यात उंच माथ्यावर, २,३९२ फुटांवर, लोक फोटो काढतात, आम्ही थांबलोसुद्धा नाही. तिथून मायर्सडेल उताराचं आहे, म्हणजे ओल्या कपड्यांत वारा खात आठ मैल.

स्टेशनात शिरलो तर आजोबांनी काही विचारलं नाही. सरळ म्हणाले, बूट काढा. कोपऱ्यात जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. एकेक पान चुरगळून त्याचे बोळे बुटात कोंबायला लावले, दहा मिनिटांनी ते काढून फेकायचे, पुन्हा नवे कोंबायचे. तिसऱ्या खेपेला बूट घालण्यासारखे झाले. तोवर आम्हाला कळलं की तो गठ्ठा गावातले लोक त्यांना आणून देतात, खास याच कामासाठी.

आमच्यातल्या एकाला थंडीने बोलता येत नव्हतं. आजोबा त्याच्याकडे बघून म्हणाले, "हा आज पुढे जाणार नाही." आम्ही वाद घातला, पुढच्या गावातलं बुकिंग होतं. त्यांनी शांतपणे फोन उचलला, पुढच्या गावी बोलले, गावातच खोली बघून दिली. दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं आणि व्हायाडक्ट आम्ही डोळे भरून बघितला.

सांगलीची_लेक, हे सगळं त्यांना वाचून दाखवा. त्या थंडीने गारठलेल्याचं आता लग्न झालंय, हेही सांगा.

---

केवडा

किती सुंदर लिहिलंय. आईंच्या हातातल्या कंदिलाचा फोटो आहे का? असला तर टाका ना.

---

सांगलीची_लेक

केवडा, आहे, पण त्यात आजोबाही आहेत. त्यांना विचारून मग टाकते.

फिरतं_चाक, वर्तमानपत्रांचं मला माहीतच नव्हतं! आमच्याकडेही रद्दी पडून असते, पुढच्या वेळी नेते.

---

मूर्तिजापूरकर

लेख वाचला, आवडला. पण एक खंत मांडतो, गैरसमज नसावा.

आमच्या मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, एक यवतमाळला. शकुंतला हे त्या गाडीचं नाव. नॅरोगेज. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी टाकलेली लाइन. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं, पुढे डिझेल आलं, आता काहीच नाही. दारव्ह्याचा, अंजनगावचा गरीब माणूस त्या गाडीने थोडक्या पैशांत दवाखान्यात, बाजारात यायचा. आज तो एसटीची वाट बघतो नाहीतर काळीपिवळीत कोंबून जातो. आमची मागणी ब्रॉडगेजची आहे आणि ती सोडणार नाही.

त्यामुळे रूळ उचलून सायकलचा रस्ता केला असं वाचलं की पोटात गोळा येतो. उद्या इकडे कुणी म्हणेल, बघा अमेरिकेत कसं छान केलंय, तुमच्याकडेही करू. आजोबांबद्दल मात्र आदरच आहे. बंद स्टेशनात येऊन बसणारा माणूस काय असतो ते मला कळतं. आमच्याकडेही एक निवृत्त गार्ड कितीतरी दिवस फलाटावर येऊन बसायचे, कुणी आलं तर त्याला गाडीच्या वेळा सांगायचे, जुन्या.

---

रूळ_आणि_वळण

मूर्तिजापूरकर, तुमचा मुद्दा रास्त आहे. रेल्वेप्रेमी म्हणून यात थोडी भर घालतो.

अमेरिकेत १९८३ साली कायद्यात दुरुस्ती करून अशी सोय केली की बंद होणारी लाइन मोडीत काढण्याऐवजी तिची जमिनीची पट्टी अखंड राखायची, मधल्या काळात तिथे पायवाट किंवा सायकलमार्ग करायचा, आणि उद्या रेल्वे परत आणायची झाली तर ती जमीन मोकळी मिळावी. पट्टी एकदा तुकड्यांत विकली गेली की पुन्हा जोडणं जवळपास अशक्य. वेस्टर्न मेरीलँडची लाइन मात्र या कायद्याच्या आधीच, १९७५ ला बंद झाली होती. म्हणूनच ती वाट तुकड्यातुकड्याने मिळवावी लागली आणि इतकी वर्षं लागली. १९९५ साली सात स्थानिक संघटना ॲलेगेनी ट्रेल अलायन्स म्हणून एकत्र आल्या, लिंडा मॅकेना बॉक्स यांनी वर्षानुवर्षं त्याचं नेतृत्व केलं, पैसा उभा केला, एकेक पूल, एकेक बोगदा दुरुस्त होत गेला.

दुसरं म्हणजे तिथे प्रवासी रेल्वे हटवून वाट केलेली नाही. त्याच खोऱ्यातून समांतर लाइन आजही चालू आहे, मालगाड्या तर धावतातच, ॲमट्रॅकची, म्हणजे तिथल्या प्रवासी रेल्वेची, गाडीही जाते. पूर्वी कॅपिटल लिमिटेड, २०२४ च्या नोव्हेंबरपासून फ्लोरिडियन. कंबरलँड, कनेल्सव्हिल, पिट्सबर्ग इथे थांबते आणि आधी आरक्षण केलं तर सायकलही नेता येते. शिवाय कंबरलँड ते फ्रॉस्टबर्ग या टप्प्यात पर्यटकांची रेल्वे आणि ट्रेल अगदी शेजारी शेजारी आहेत. सायकलवाले आणि डब्यातले प्रवासी एकमेकांना हात हलवतात.

शकुंतलेच्या बाबतीत तुमच्याच बाजूने आहे. जिथे लोकांना गाडी हवी आहे तिथे गाडीच हवी.

---

मूर्तिजापूरकर

धन्यवाद. शेजारी शेजारी चालतं हे माहीत नव्हतं. पट्टी राखण्याचा मुद्दा मात्र आमच्या समितीत मांडतो. इकडे रुळांच्या कडेने अतिक्रमण वाढतंय, कुणाला पडलेली नाही.

---

चार_आण्याची_सही

आम्ही न्यू जर्सीहून पिट्सबर्गला बालाजीच्या दर्शनाला येतो, पेन हिल्सच्या देवळात. सोबत सासू-सासरे असतात. चालायला आवडतं, पण चढ नको, स्वच्छतागृह हवं. मायर्सडेल लांब पडेल का? आजोबांना भेटायची फार इच्छा झाली आहे.

---

वेस्ट_न्यूटनचा_शेजारी

चार_आण्याची_सही, मायर्सडेल पिट्सबर्गहून गाडीने दोन तासांच्या आत-बाहेर. दर्शन करून त्याच दिवशी होईल, पण ज्येष्ठांना दगदग होईल. मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी निघा. जवळ हवं असेल तर बॉस्टन नावाचं छोटं गाव आहे (मॅसेच्युसेट्सवालं नव्हे), मॅककीसपोर्टच्या पुढे. ट्रेल तिथे नदीकाठाने सपाट जाते. किंवा वेस्ट न्यूटनला या. तिथलं माहिती केंद्र पिट्सबर्ग अँड लेक एरी रेल्वेच्या जुन्या स्टेशनासारखं बांधलंय, बाकं आहेत, समोर यॉकोगेनी नदी. सासूबाईंना बसायला आवडेल.

मायर्सडेलला जाणार असाल तर हिवाळ्यात जाऊ नका. बिग सॅव्हेज बोगद्याची दारं साधारण डिसेंबरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत बंद असतात. पाणी झिरपून आत बर्फ धरतो, त्याने अस्तर फुटू नये म्हणून. तेव्हा लांबचे सायकलवालेही नसतात.

---

हिशोबनीस

भावना समजल्या. पण प्रश्न विचारतोच. एवढ्या मोठ्या मार्गाचं माहिती केंद्र वयस्कर माणसाच्या फुकट श्रमावर का चालावं? या गावांना पर्यटकांमुळे उत्पन्न मिळतं. लॉज भरतात, हॉटेलं चालतात. मग त्यातून एक पगारी माणूस ठेवता येणार नाही? आजोबा थकले की काय करणार? ज्या कामाचं एवढं महत्त्व आपण सांगतोय, त्याला पैसे नकोत असं म्हणणं मला पटत नाही.

---

वेस्ट_न्यूटनचा_शेजारी

हिशोबनीस, मी स्वतः ट्रेलवर स्वयंसेवक आहे, म्हणून उत्तर देतो.

बोगदे, मोठे पूल, दरड कोसळली तर दुरुस्ती, याला सरकारी आणि देणगीचा पैसा लागतो आणि तो येतो. रोजचं काम वेगळं. वादळानंतर आडवी पडलेली झाडं कापणं, कडेचं गवत काढणं, गटारं मोकळी ठेवणं. गटार तुंबलं की पहिल्याच पावसात खडी वाहून जाते आणि रस्त्याला घळ पडते. हे आम्ही शनिवारी सकाळी करतो. प्रत्येक टप्प्याची आपली संघटना आहे आणि आपली माणसं. माझ्या गटात एक निवृत्त पोलादकामगार आहेत, एक शाळेच्या बाई आहेत, आणि मी, औंधचा.

पगारी माणूस ठेवायला माझी हरकत नाही, ठेवावाच. पण आजोबांना कोणत्या घरामागे विहिरीचा नळ आहे, कुठल्या लॉजवाली रात्री उशिरा आलेल्याला दार उघडते, कोणता शेतकरी ट्रकमधून मोडकी सायकल पोचवून देईल, हे माहीत आहे. जन्म त्या गावात गेलाय. हे नव्या माणसाला शिकायला वेळ लागणार, आणि शिकवणारे आजोबा आहेत तोवरच तो त्यांच्या शेजारी बसला पाहिजे. माझी काळजी तिथे आहे.

---

हिशोबनीस

हे मान्य. शेजारी बसून शिकणारा कुणी आहे का आत्ता?

---

पाऊलखुणा_७७

मी इथे फारशी लिहीत नाही, पण आज राहवलं नाही. ओहायोहून एकटी सायकलने आले होते. नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा घराबाहेर पडले होते. स्टेशनात वहीत सही करताना वरच्या ओळींत देवनागरी दिसली. "सांगली". मी कोल्हापूरची. तिथेच उभी राहून रडले.

आजोबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने विचारलं, "तुला वाचता येतं ते?" मी हो म्हटलं. म्हणाले, "मलाही येतं. सांगली." आणि मला त्या बाईंची, कंदिलाची आणि उसाच्या चिपाडाची सगळी गोष्ट सांगितली. मग विचारलं, तुझं गाव त्यांच्यापासून किती मैल? मी म्हटलं, तीसएक. त्यांनी नकाशावर बोट ठेवून दाखवलं, "इथून साधारण कंबरलँडएवढंच म्हणजे."

पुढच्या वाटेसाठी त्यांनी एका चिठ्ठीवर प्रत्येक नळाचं अंतर लिहून दिलं होतं. ती अजून पाकिटात आहे. सांगलीची_लेक, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

---

सांगलीची_लेक

पाऊलखुणा_७७, आईला आत्ता फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "तिला म्हणावं, सांगलीला ये. घर आहे इथे." पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते.

हिशोबनीस, तुमच्या प्रश्नाने झोप उडवली. आज सकाळी केंद्रात फोन केला. सध्या शेजारी बसणारं नियमित कुणी नाही. मी महिन्यातला एक शनिवार घेतलाय. लेक येणार आहे सोबत. दोन तास जायला, दोन यायला, पण जमवेन. नळांची, लॉजची, शेतकऱ्यांची माहिती आजोबा सांगतील तशी एका वहीत उतरवून घ्यायचं ठरवलंय. त्यांनी होकार दिलाय, वर विचारलं की तुझं अक्षर कसं आहे.

---

फिरतं_चाक

मला दुसरा शनिवार जमेल. मॉर्गनटाउनला राहतो, फार लांब नाही. नंबर पाठवतो.

---

वेस्ट_न्यूटनचा_शेजारी

वही झाली की स्कॅन करून सगळ्या केंद्रांना पाठवू. वेस्ट न्यूटनची माहिती मी देतो.

---

सांगलीची_लेक

मंडळी, छापायला शुक्रवारी देतेय. ज्यांना चार ओळी द्यायच्या आहेत त्यांनी गुरुवार रात्रीपर्यंत इथे टाका. मूर्तिजापूरकर, तुमच्या गार्डकाकांबद्दलही त्यात घेऊ का? आजोबांना रेल्वेची माणसं फार प्रिय आहेत. आणि ज्यांच्याकडे रद्दी असेल त्यांनी शनिवारी नऊपर्यंत माझ्याकडे आणून द्या, डिकी रिकामी ठेवलीये.

---

मूर्तिजापूरकर

जरूर घ्या. त्यांच्या जुन्या वेळापत्रकाचा फोटो माझ्याकडे आहे, आज रात्री पाठवतो.